माडीची कुरकुर

'कुरकुर' हा शब्द आपल्या भाषेत दोन ठिकाणी योजतात. असंतुष्ट मनुष्य कुरकुर करतो आणि जुन्या वाड्यातील माडीही पाय पडला की कुरकुरते. दोन्ही प्रसंगी ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम येते ते हे की, हा आवाज बंद कसा होईल. तो का होतो हा विचार मागाहून सुचतो, आणि कित्येकदा सुचतच नाही. गेल्या वर्षी आमच्या आजोळच्या वाड्याची माडी दुरुस्त करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा केवळ सुतारकामाचा म्हणून हाती घेतलेला हा विषय पाहता पाहता नीतिशास्त्राच्या प्रांतात शिरला. वाचकांपैकी ज्यांच्या नावे एखाद्या जुन्या घराचा आठवा किंवा सोळावा हिस्सा आहे, त्यांस यात आपलेही काही सापडेल असे वाटल्यावरून हे चार विचार मांडीत आहो.

हा वाडा जुन्नरास आहे. जुन्नर हे नाव 'जीर्णनगर' या शब्दापासून आले असे सांगतात. तेव्हा ज्या गावाचे नावच जुनेपणावरून पडले तेथील घराने जुने असावे यात नवल नाही. वाड्यांची रचना सर्वत्र असते तशीच याचीही आहे. दगडी जोत्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर हात-दीड हाताच्या अंतराने कड्या, आणि कड्यांवर फळ्यांचा पाट. यालाच कडीपाट म्हणतात. बहुतेक वाड्यांत या पाटावर माती-मुरमाचा चांगला जाड थर देऊन तो चोपतात व वरून शेणाने सारवतात. या थराचे महत्त्व आपणांस वाटते त्याहून अधिक आहे. तो फळ्यांना वरून दाबून धरतो आणि पावलांचा आवाज गिळून टाकतो. म्हणून मातीची जमीन असलेल्या माड्या सहसा बोलत नाहीत. आमच्या आजोळी एका पिढीने सुधारणेच्या हौसेने ही माती काढून टाकली, सारवणाचा त्रास वाचवला आणि उघड्या फळ्यांची साहेबी थाटाची जमीन केली. तेव्हापासून माडीला कंठ फुटला.

आता आवाज होतो कसा ते सांगितले पाहिजे. कारण पुढील विवेचन त्यावरच उभे आहे. लाकूड मेले तरी त्याचा श्वास चालूच असतो, असे आमच्या सुताराचे म्हणणे. पावसाळ्यात हवेतील ओल घेऊन फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आखडते. लांबीत मात्र तिच्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. फुगताना खिळ्याभोवतीचे तंतू चेपले जातात आणि चेपलेले तंतू पुन्हा पूर्ववत होत नाहीत. अशा पन्नाससाठ पावसाळ्यांनंतर खिळ्याचे भोक सैल होते, फळी कडीपासून केसभर सुटते, आणि पाऊल पडले की ती खाली जाताना खिळ्याला किंवा शेजारच्या फळीला घासते. कुरकुर ती हीच. म्हणजे फळी मोडली म्हणून ती ओरडत नाही. जिच्या आधाराने राहावयाचे त्या कडीपासून ती सुटली आहे एवढेच ती सांगते. क्वचित कारण याहून गंभीर असते. भिंतीत गेलेले कडीचे टोक ओलीने कुजलेले असते, किंवा वाळवीने आतून पोखरलेले असते, आणि तेव्हा तीच कुरकुर इशारा ठरते. ऐकून दोहोंतला भेद कळत नाही. त्यासाठी खाली जाऊन, दिवा घेऊन, कडीच्या टोकाला सळई टोचून पाहावी लागते.

वाड्याचे हिस्सेदार पाच, आणि मते सहा. एका बंधूंचे म्हणणे, हे सर्व लाकूड काढून विकावे व त्या पैशात स्लॅब घालून वर फरशी बसवावी. जुन्या सागाला पुण्याच्या बाजारात गिऱ्हाईक तयार आहे. यात असत्य काहीच नव्हते. पुण्यातील कितीतरी वाड्यांचे खांब आणि महिरपी आज उपाहारगृहांच्या भिंतींची शोभा वाढवीत आहेत. दुसऱ्यांचे मत असे की, शासनाने २०१८ साली जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला आहे. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर पाहण्यास येणाऱ्या मंडळींना राहण्यास वाडाच हवा असतो. तेव्हा फळ्यांना चकचकीत पॉलिश मारून खोल्या भाड्याने द्याव्या, आणि कुरकुर मुळीच काढू नये, कारण शहरातील माणसांना तीच आवडते. तिसरे एक भाचे परदेशात असतात. त्यांनी कळवले की, लहानपणी सुट्टीत ऐकलेला तो आवाज हेच आपल्या लेखी आजोळ असून त्याला हात लावू नये. हे पत्र वाचून आम्हांसही क्षणभर गहिवरून आले, हे नाकारीत नाही.

जपानात क्योतो येथे निजो नावाचा किल्ला आहे. तोकुगावा इएयासूने तो १६०३ साली बांधविला. त्याच्या प्रासादातील लाकडी सोप्यांवरून चालले असता खालच्या लोखंडी पट्ट्या खिळ्यांना घासून पाखरासारखी किलबिल होते. चोरपावलांनी येणारा शत्रू कळावा म्हणून मुद्दाम तशी योजना केली होती, अशी कथा सांगतात. ती खरी की आवाज केवळ झिजेने आला, याविषयी वाद आहे. आम्ही ही गोष्ट भाऊबंदांच्या बैठकीत मोठ्या रसाने सांगितली. ती ऐकून, इतका वेळ कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या मामी हसल्या, आणि म्हणाल्या, "त्यात काय नवल? आपली माडीसुद्धा राखणच करीत होती."

त्या वाड्यात आज राहतात त्या एकट्या मामीच. १९५८ साली, अठराव्या वर्षी, त्या या घरात आल्या. माडीवरच्या खोलीत नवी सून, आणि बरोबर खाली माजघरात सासूबाईंचे अंथरूण. रात्री पाणी पिण्यास उठले तरी फळी बोले, आणि सकाळी त्याची विचारणा होई. माहेरची आठवण येऊन खिडकीशी जाऊन उभे राहिले तरी खाली कळे. सहा महिन्यांत त्या ही जमीन शिकल्या. भिंतीच्या कडेने चालावयाचे, खिळ्यांच्या ओळीवर म्हणजे कडीच्या डोक्यावर पाऊल टाकावयाचे, तिसरी आणि सातवी फळी वर्ज्य. पुढे सासूबाई गेल्या, मामा गेले, मुले दूर गेली. पण आजही, घरात दुसरे कोणी नसताना, रात्री उठल्यावर आपली पावले त्याच जागा शोधीत जातात असे त्यांनी सांगितले. "तुम्हा मुलांना तो आवाज सुट्टीचा वाटतो. मला नाही वाटत. माझ्या जिवंतपणी एकदा या माडीवरून मधून सरळ चालत जाईन म्हणते."

या एका वाक्याने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. आतापर्यंत आम्ही 'स्मृती जतन करावी की सोय पाहावी' असा प्रश्न घालीत होतो, आणि विद्वज्जनांना शोभेल अशा रीतीने स्मृतीच्या बाजूने झुकत होतो. परंतु स्मृती कोणाची, हे कोणी विचारलेच नव्हते. एकाच फळीच्या एकाच आवाजात भाच्यांचे बालपण आहे आणि मामींची पहारेदारीखालची तरुण वर्षेही आहेत. या दोन स्मृतींना समान मत द्यावे असे म्हणणारास आम्ही विचारू की, त्या फळीवर रोज पाऊल कोणाला टाकावयाचे आहे? दूर राहणाऱ्याचे स्मृतिप्रेम त्याला फुकट पडते. जवळ राहणारास त्याचा खर्च द्यावा लागतो. आपल्या समाजात जुन्या गोष्टींविषयी जी हळहळ छापली जाते, तिच्यातील बराच भाग ज्यांना ती जुनी गोष्ट वापरावी लागत नाही अशांनी लिहिलेला असतो. स्वयंपाकघरातील चुलीची गोडी वर्णिणारे लेखक किती, आणि त्यांतील किती जणांनी फुंकणी हाती धरली असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

तथापि याचा अर्थ लाकूड विकून स्लॅब घालावा असा होत नाही. मामींचीही ती इच्छा नव्हती. त्यांना घर पाहिजे होते, राखण नको होती. आणि येथे जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो की, काय काय बदलले म्हणजे घर तेच राहते?

प्लूटार्कने सांगितलेली थीसिअसच्या नौकेची गोष्ट आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. अथेन्सच्या लोकांनी ती नौका जतन केली, कुजलेली एकेक फळी काढून नवी बसविली, आणि तत्त्वज्ञांना वाद घालण्यास विषय मिळाला की ही नौका तीच की दुसरी. हॉब्जने १६५५ साली त्यात भर घातली: काढलेल्या फळ्या कोणी जमवून दुसरी नौका जोडली, तर खरी कोणती? परंतु यासाठी ग्रीसला जाण्याचे कारण नाही. मिलिंद राजा रथातून आला तेव्हा नागसेन भिक्षूने त्यास विचारले की, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, की जू म्हणजे रथ? आणि राजा प्रत्येकास नाही म्हणत गेला, तेव्हा रथ हे एका जुळणीला दिलेले नाव आहे, असे त्याच्याकडूनच वदविले. हा मिलिंद यवन होता. आणि जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत यवनांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेख त्यांपैकीच होय. नौकेची गोष्ट सांगणारे आणि रथाची गोष्ट ऐकणारे लोक या डोंगरांखाली एकमेकांस भेटले असतील काय, अशी कल्पना मनात येते; तिला कल्पनेपलीकडे किंमत देऊ नये.

आमच्या सुताराने मात्र हा प्रश्न पुस्तकाबाहेर सोडविलेला होता. हे गृहस्थ आंबेगाव तालुक्यातले. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावास आहे, आणि ज्या जलाशयाने गाव गिळले त्याला तालुक्याचेच सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. पाणी चढण्यापूर्वी सुताराच्या वडिलांनी आपले घर उकलले. प्रत्येक खांबावर, तुळईवर, फळीवर पटाशीने खूण केली, गाडीने सर्व वर आणले आणि नव्या जागी त्याच क्रमाने जोडले. एकही फळी बदलली नाही. "तरी आई मरेपर्यंत म्हणायची, सर, हे घर आपलं नाही. दारातून नदी दिसत नाही." हॉब्जची दुसरी नौका ती हीच. फळ्या त्याच, जुळणीही तीच, आणि घर मात्र तिच्या मते पाण्याखाली राहिले. नागसेनाच्या यादीत जे कोठेच नव्हते, ते दारातून दिसणारे पाणी, त्या माउलीने घराचा मुख्य भाग मानले होते. याला उत्तर काय द्यावे हे आम्हांस अजून नीट सुचलेले नाही. एवढे मात्र पटले की, घर तेच आहे की नाही याचा निवाडा फळ्या मोजून होत नाही, आणि तो निवाडा करण्याचा पहिला अधिकार तेथे दिवस काढलेल्या माणसाचा आहे.

असो. काम कार्तिकात सुरू झाले. भर उन्हाळ्यात फळ्या आखडलेल्या असताना फटी गच्च भरल्या तर पावसाळ्यात फुगून फळ्या उचलतात, आणि पावसाळ्यात काम केले तर उन्हाळ्यात सर्व सैल होते. म्हणून मधला ऋतू. सुताराने आधी दोन दिवस नुसते ऐकण्यात घालविले. एकाला वर चालावयास लावावे, आपण खाली दिवा धरून उभे राहावे, आणि जेथे फळी हलते तेथे खडूची खूण करावी. मग कडी आणि फळी यांमधील फटीत सागाची पातळ पाचर सरस लावून हलक्या हाताने सरकवावयाची. ठोकावयाची नाही, ठोकली की फळी उचलली जाते आणि शेजारची कुरकुरू लागते. जेथे खिळे निकामी झाले तेथे स्क्रू, जेथे फळीला फळी घासते तेथे संगजिऱ्याची पूड. दोन कड्यांची टोके कुजलेली निघाली. त्यांना बाजूने नवी जोडकडी दिली. म्हणजे साऱ्या कुरकुरीत खरा धोका दोनच ठिकाणी होता, आणि त्या जागा सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या नव्हत्या. मधल्या काळात घरातील वडील मंडळींनी आवाजावर एकच उपाय केला होता: सतरंजी अंथरणे. सतरंजीने आवाज थोडा कमी होई, कड्या आत कुजत राहिल्या. माणसांच्या कुरकुरीवर त्याच मंडळींनी कोणता उपाय योजला होता, हे मामींच्या हकीकतीवरून उघडच आहे.

खरा वाद पुढे, जमीन साफ करण्याच्या वेळी झाला. फळ्यांवर शंभर वर्षांचा मळ, तेलाचे डाग, एका जागी शेगडीने जळालेला काळा वर्तुळाकार ठसा. सगळे रंधून एकसारखे करावे अशी एका हिस्सेदाराची इच्छा. सुतार म्हणाला, फळी मूळची इंचाची, म्हणजे आठ सूत. रंध्याने अर्धा सूत तरी जाणार. सहा सुतांखाली गेली की ती पायाखाली लवणार. एकदा पूर्वी रंधलेली दिसते. तेव्हा हिशेब असा की, ही जमीन आणखी दोन-तीन वेळाच नवी करता येईल. हा हिशेब ऐकून आम्ही स्तब्ध झालो. जमीन नवी करणे याचा अर्थ तिच्यातून काही वजा करणे; आणि वजा होते ते आपल्या वाट्याचेच असते असे नाही. आपल्या डोळ्यांना एक काळा डाग खुपतो म्हणून पुढे येणाऱ्या दोन-तीन पिढ्यांपैकी एकीचा हक्क आपण भुशात टाकावा काय? शेत, पाणी, जंगल यांविषयी हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो. माडीच्या फळीत तो सुतांनी मोजता येतो, इतकाच भेद. अखेर रंधा पेटीत गेला. हाताने, रेषेच्या दिशेने, पोलादी पात्याने मळ खरवडून काढला आणि वर घासकागद फिरवला. शेगडीचा ठसा फिका होऊन राहिला आहे.

या ठिकाणी जुन्नरच्याच लेण्यांतील आणखी एका लेखाची आठवण होते. त्यात बांबूकाम करणारांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम गुंतविल्याचा उल्लेख आहे; तिच्या उत्पन्नातून दरमहा द्यावयाचे ते द्यावे अशी योजना. दान देणारे पुष्कळ असतात. परंतु दान दिल्यानंतर दर महिन्याला काय लागेल याचा विचार करून त्याची तजवीज कारागिरांच्या हाती सोपविणारे थोडे. आमच्या पाच हिस्सेदारांनी वर्गणी दिली ती दुरुस्तीसाठी, आणि दिली हे खरेच. पण दर तीन वर्षांनी कड्यांची टोके तपासण्यासाठी काही शिल्लक ठेवावी या सूचनेवर मात्र अद्याप कोणाचे उत्तर आलेले नाही.

पॉलिशविषयी थोडेच सांगावयाचे आहे. लाखेचे फ्रेंच पॉलिश दिसते सुंदर, पण पाणी सांडले की पांढरा डाग पडतो. व्हार्निश चकाकते आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय त्यावरून घसरतो. मामींनी जवसाचे तेल पसंत केले. ते लाकडात मुरते, वर थर राहत नाही, झिजले की पुन्हा लावता येते. (तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून मग टाकावी किंवा मोकळी पसरून वाळू द्यावी. तत्त्वचिंतनाच्या भरात हे सांगावयाचे राहू नये.)

रस्किनने १८४९ साली जुन्या इमारतींच्या नूतनीकरणाला असत्य म्हटले, आणि मॉरिसने १८७७ साली त्याच मताची संस्था काढली. जुन्याचा आव आणणारे नवे काम करू नये, डागडुजी उघड दिसू द्यावी, हा त्यांचा आग्रह. कॉलेजात हे शिकविताना आम्हांस तो थोडा अतिरेकी वाटे. जुन्नरास तीन फळ्या सर्वस्वी बदलाव्या लागल्या, तेव्हा तो कसोटीस लागला. नव्या सागाचा रंग फिका. जुन्याचा गडद मधासारखा. खोल्या भाड्याने देऊ इच्छिणाऱ्या बंधूंनी रंग देऊन सर्व एक करण्यास सांगितले. सुताराने नकार दिला नाही. एवढेच म्हणाला की, रंग दिला तर पुढचा सुतार फसेल. त्याला वाटेल ही फळीही जुनीच, आणि तो बिघाड भलत्या जागी शोधील. या कारणात रस्किनचे वक्तृत्व नाही, पण आमच्या मते त्याहून अधिक बळ आहे. ज्याचे तोंडही आपण पाहणार नाही अशा पुढच्या कारागिराशी खोटे बोलू नये, म्हणून त्या तीन फळ्या फिक्याच ठेवल्या आहेत. पाहुण्यांना त्या डोळ्यांत येतात, आणि काही वर्षांत उन्हाने त्याही गडद होतील. तोपर्यंत सुताराने त्यांच्या पोटाशी, माजघरातून मान वर केली तरच दिसेल अशा जागी, पटाशीने साल कोरून ठेवले आहे.

पाचरी सुमारे दोनशे बसल्या. त्या कोणासही दिसत नाहीत. हिशेबाच्या वेळी एका हिस्सेदाराने विचारलेच की, इतक्या मजुरीत नेमके काय केले, वर तर सर्व पूर्वीसारखेच दिसते. मामींनी त्यांस माडीवर नेले आणि मधोमध चालावयास सांगितले.

जिना राहिला आहे. त्याच्या चौथ्या पायरीची कुरकुर फार जुनी, आणि ती काढावी की नाही याविषयी भाच्यांचे दुसरे पत्र आलेले आहे. मामींनी ते आम्हांकडून वाचून घेतले. जिन्याचे काम पुढच्या कार्तिकात, हवा कोरडी झाल्यावर करावयाचे ठरले आहे. सुताराने येण्याचे कबूल केले आहे.